बांधावरचा तास

शाळेची सहल शेतावर जाते तेव्हा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बैलगाडीतून चक्कर, मोटेची प्रतिकृती, जात्यावर दोन मिनिटं, झुणका-भाकर आणि मोसम असेल तर हुरडा. मुलं खूश, पालक खूश, फोटो चांगले येतात. त्या शेतात मात्र कुणी कुणाचं देणं लागत नाही. मालकाला द्यायचा खंड नाही, सावकार नाही, बांधावरून भांडण नाही, मोट शिवणारा नाही. मोट आहे, पण ती कुणाच्या हातची आणि त्या हातांना त्याच विहिरीचं पाणी मिळत होतं का, हा प्रश्न तिथे कुणाच्या डोक्यातच येत नाही. जुनं शेत असं धुऊन-पुसून दाखवलं की मुलांना आजोबांच्या काळातल्या वस्तूंची नावं कळतात, त्या काळाबद्दल काहीच कळत नाही.

शाळेला शेत जोडायची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी गावच्या शाळांमधून शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं आणि जिथे जमेल तिथे लहानसं नमुना शेत असावं, असं सांगितलं होतं. त्यांना हवं होतं ते प्रत्यक्ष शेतीचं शिक्षण. इथे सांगतोय ते त्याच्या शेजारचं काम आहे: पिढ्यान् पिढ्या कसलेलं एक खरंखुरं शेत घ्यायचं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे. हे कुणी केलं? आणि त्याचं नाव कुठे लिहिलं आहे? इतिहास पहिल्या प्रश्नात आहे. न्यायाचा विषय दोन उत्तरं जुळत नाहीत तिथे सुरू होतो, आणि ती सहसा जुळत नाहीत.

शेत निवडताना घाई नको. तीन-चार पिढ्यांचा वापर, एक जुनी विहीर, खळ्याची जागा सांगू शकणारं कुणीतरी आणि हद्दीचा निदान एक जुना दगड एवढं असलं की पुरे. क्षेत्र दोन-तीन एकरांचं असेल तर उत्तम, कारण मोठ्या शेतात मुलं पांगतात. सर्वांत महत्त्वाचं, त्या जमिनीवर दावा चालू नसावा. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात कोर्टाची नोंद आहे का ते आधी पाहावं, आणि तलाठी कार्यालयात तोंडीही विचारावं, कारण सगळेच दावे उताऱ्यावर चढलेले नसतात. भावकीच्या भांडणात चाळीस मुलं वह्या घेऊन बांधावर उभी राहिली की दोन्ही बाजूंना ती आपल्याविरुद्धची मोजणी वाटते. शक्यतो शेत शेजारच्या गावातलं घ्यावं. आपल्याच गावच्या शेतात कागदावरच्या प्रत्येक नावाचा नातू वर्गात बसलेला असतो.

आपण महाराष्ट्राच्या कोणत्या भागात आहोत, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कोकणात गावाचा शेतसारा गोळा करणारे खोत होते, पूर्व विदर्भात तसेच मालगुजार, मराठवाड्यात निजामाचं राज्य आणि जहागिरी, देशावर रयतवारी (शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरायची पद्धत) आणि वतनं (गावच्या चाकरीच्या बदल्यातल्या वंशपरंपरेच्या जमिनी आणि हक्क). दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्या कुळांसाठीचे कुळकायदेसुद्धा वेगळे: मुंबई इलाख्याचा १९४८ चा, हैदराबादचा १९५० चा, विदर्भाचा १९५८ चा. पुण्याच्या शिक्षकाने तयार केलेला पाठ लातूरला जसाच्या तसा नेला की पहिल्याच उताऱ्याला अडतो. खाली बहुतेक उदाहरणं देशावरची आणि कोकणातली आहेत.

कागदांचं काम शिक्षकाने निदान दोन महिने आधी सुरू करावं. आजचा सातबारा महाभूलेखवर मिळतो. त्यात गाव नमुना सात म्हणजे हक्काची बाजू आणि बारा म्हणजे पिकांची. नावांजवळ फेरफारांचे क्रमांक असतात, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर ते वर्तुळात लिहिलेले दिसतात. प्रत्येक क्रमांक म्हणजे एक घटना: वारस, खरेदी, वाटणी, बोजा, कुळाची नोंद. ते क्रमांक उतरवून घ्यायचे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या फेरफारांच्या नकला मागायच्या. काही तालुक्यांचे जुने दस्त स्कॅन होऊन ऑनलाइनही आले आहेत. एका फेरफारावरून आधीच्या फेरफारावर असं मागे मागे जायचं. इथे हमखास अडतं ते नंबराला. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर जिथे योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, आणि जुना नंबर घेऊन गेलेल्या माणसाला ‘असं शेतच नाही’ असं उत्तर मिळतं. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारा तक्ता आधी मिळवावा. त्याहून मागे गेलं की मोडी लिपी लागते. मोडी वाचणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो, पण त्याला आयत्या वेळी नव्हे, नकला हाती आल्या की लगेच गाठायला हवं.

मुलांना पन्नास पानं द्यायची नाहीत. चार पुरतात: आजचा उतारा, १९५० च्या दशकातला एक, एखादा वारसाचा फेरफार आणि कुळाची किंवा इनामाची नोंद असलेला एखादा कागद. कागद वाचताना मुलांची नजर नावांवर ठेवावी. जुन्या उताऱ्यावर एकच नाव आणि मागे ‘ए.कु.पु.’ असं दिसतं. म्हणजे एकत्र कुटुंबाचा पुढारी. त्या तीन अक्षरांच्या मागे धाकटे भाऊ, त्यांच्या बायका, बहिणी, सुना असं अख्खं घर असतं. ‘अ.पा.क. आई’ असं दिसलं तर समजायचं की बाप गेला, मुलगा अज्ञान (वयात न आलेला) आहे आणि त्याची पालनकर्ती आई आहे. बाईचं नाव कागदावर आलं ते असं, मुलगा मोठा होईपर्यंत. ही संक्षिप्त रूपं मुलांनीच फोडावीत. आधी सांगून टाकली तर मजा जाते.

मग मोजणी. सरकारी टिपणात मापं साखळी आणि आण्यांत असतात. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा पावणेपंचवीस इंचांचा. ३३ फूट लांब आणि तेवढाच रुंद चौरस म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. टिपणावर ‘३ साखळ्या ८ आणे’ असेल तर ती बाजू साडेतीन गुणिले ३३, म्हणजे साडे-११५ फूट. मुलांनी ३३ फुटांची साखळी स्वतः करावी आणि दर आण्याला रंगीत चिंधी बांधावी. नायलॉनची दोरी ताणते आणि सुतळी भिजली की आखडते, त्यामुळे जाड तार किंवा न ताणणारी पट्टी बरी. काटकोनासाठी ९, १२ आणि १५ फुटांचा त्रिकोण धरायचा. आधी मोकळ्या जागेत एक गुंठा आखून त्यात सगळा वर्ग उभा करावा. ज्यांच्या घरी शेत नाही अशा मुलांना ‘दोन गुंठे वाटणीला आले’ या वाक्याचं वजन तिथे उभं राहूनच कळतं. टिपण हे प्रमाणबद्ध नसतं, तो आकडे घातलेला कच्चा आराखडा असतो. त्यावर पट्टी ठेवून मोजायला बसलेल्या गटाला थोडा वेळ चुकू द्यावं.

साखळी ओढता ओढता १८३६ सांगता येतं. त्या साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पाहणी सुरू केली तिच्यातून मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी उभी राहिली. त्याआधी प्रिंगलची पाहणी फसली होती: हिशेब कागदावर काटेकोर, शेतसारा रयतेला न पेलणारा. पण मोजणीच्या तासाला त्याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे. गावाची शीव कुठून कुठे जाते याची खात्रीची साक्ष महाराची मानली जाई. हद्दीचा तंटा पडला की त्याला बोलावलं जाई. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याला गावात जमीन होती ती चाकरीच्या बदल्यातली. मुलांना हे दगडाजवळ उभं राहून सांगावं आणि पुढे काही बोलू नये. प्रश्न तिथून येतात.

विहिरीवर जास्त वेळ लागतो, तो द्यावा. सुरक्षेचं आधी: काठापासून दहा फुटांवर दोरी, मधमाश्यांचं पोळं आहे का ते आदल्या दिवशी पाहणं आणि वाकून बघण्यासाठी एका वेळी दोनच मुलं, शिक्षकाचा हात धरून. मोट जाऊन इंजिन आलं, इंजिन जाऊन वीज आली, तरी जुन्या विहिरीवर खुणा राहतात. बैल उताराने पळायचे ती धाव, पाणी ओतलं जायचं ते थारोळं, दोरीने घासून दगडाला पडलेल्या खाचा. मोटेचे भाग मुलांनी काढून पाहावेत: कातड्याची मोट, तिची सोंड, मोटेला बांधलेला जाड नाडा, सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, वरचं चाक, खालची लाट. मोट वर आली की सोंदूर सोंड थारोळ्यात खेचून धरतो आणि पाणी आपोआप रितं होतं. युक्ती साधी आहे, पण दोन दोऱ्यांची लांबी जमली नाही तर पाणी विहिरीतच सांडतं. बादली, कापडी नळी आणि दोन दोऱ्या घेऊन याची लहान प्रतिकृती तासाभरात होते.

आता दोन प्रश्न. कातडं कमावलं ढोर समाजाच्या कारागिरांनी, मोट शिवली चांभाराने, नाडा वळला मांगाने, चाक केलं सुताराने, लोखंड लोहाराचं, विहिरीचा दगड फोडला वडारांनी. पाणी मळ्यात आलं ते एवढ्या हातांतून. उताऱ्यावर विहिरीची नोंद असते, तिच्यातल्या हिश्शाची असते, यांतल्या एकाही हाताची नसते. आणि यांतल्या कितीजणांना त्या विहिरीत घागर बुडवता येत होती? इथे महाडचा संदर्भ नुसता ‘सत्याग्रह झाला’ एवढा देऊन उपयोग नाही, कारण महाडचा खटला याच प्रश्नाचा होता. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांच्या मुंबई विधिमंडळातल्या ठरावाने, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले असं कागदावर ठरलं होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. विरोधक कोर्टात गेले ते तळं खाजगी आहे आणि पूर्वापार वहिवाट आपल्या बाजूची आहे असं म्हणत. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, आणि अशी अनादी वहिवाट सिद्ध होत नाही म्हणून तो दावा फेटाळला गेला. चौदा वर्षं लागली. शेतातली विहीर खाजगी, तळं सार्वजनिक, मग पाण्यावर हक्क कुणाचा, हा वाद सातवीची मुलं चांगला घालतात.

सगळ्यांत जास्त शिकवतो तो खळ्याचा हिशेब, म्हणून तो बारकाईने देतो. खळ्याच्या जागेवर गोल आखायचा, मध्ये तिवड्यासाठी (मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब) काठी रोवायची. ज्वारीची साठ मापं लागतात. माप म्हणून एकच वाटी ठरवावी. पायली-शेराचं कोष्टक सोबत सांगता येतं (दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी), पण खऱ्या पायल्या मोजत बसलं तर धान्य पोत्यांनी लागतं. खालचे आकडे वर्गासाठी धरलेले आहेत, कुठल्या गावच्या वहीतले नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगावं.

रास साठ मापांची. जमीन अर्धेलीने कसलेली, म्हणजे निम्मी रास मालकाची. कुळाने पेरणीला चार मापं बी दिढीने उचललेलं, म्हणजे परत करायची सहा. बलुतेदारांना, म्हणजे गावच्या कारागीर-चाकरांना, मिळून सहा मापं. आता वाटणी करा म्हटलं की बहुतेक गट आधी मालकाची तीस काढतात, उरलेल्या तिसांतून सावकाराची सहा, बलुत्याची सहा, आणि कुळाकडे अठरा राहतात. एखादा गट मात्र बलुतं सगळ्यात आधी काढतो. मग रास उरते चोपन्न, मालकाला सत्तावीस, कुळाला सत्तावीसमधून सावकाराची सहा वजा जाता एकवीस. धान्य तेवढंच, माणसं तीच, दर तेच, आणि कुळाच्या घरी तीन मापं जास्त. बलुतं आधी काढलं तर दोघांच्या वाट्यातून जातं, नंतर काढलं तर एकट्या कुळाच्या. हे मुलांच्या लक्षात येईपर्यंत थांबावं. वाटणीत क्रम कोण ठरवतो, हा प्रश्न एकदा सुचला की ती पुढे तो सगळीकडे लावतात.

दुसऱ्या फेरीत कायदा आणायचा. १९४८ च्या कायद्याने जिरायत जमिनीचा खंड पिकाच्या तिसऱ्या हिश्शाहून आणि बागायतीचा चौथ्या हिश्शाहून जास्त घ्यायला बंदी केली. पुढे ही मर्यादा आणखी खाली आली. बलुतं आधी काढून चोपन्नचा तिसरा हिस्सा मालकाला द्या: अठरा. कुळाकडे छत्तीस, सावकाराचं वजा जाता तीस. अठरावरून तीसवर. पण सावकाराच्या सहांना या कायद्याने हातही लागलेला नाही, हेही दिसायला हवं. इथेच सुपे आठवतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, साऱ्याचे दर वाढले होते, आणि देणं होतं तसंच. दंगा पुणे-नगर भागात पसरला, बहुतेक ठिकाणी रोख कागदांवर होता. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. मुलांना विचारावं, धान्याची कोठारं सोडून वह्याच का जाळल्या असतील? काही दिवसांपूर्वी ती स्वतः कागद वाचत बसलेली असतात, त्यामुळे उत्तर त्यांच्याकडे असतं.

तिसरी फेरी लहान पण अवघड. साठ मापांत खुरपणी करणाऱ्या बायका कुठे आहेत? कुळाच्या घरातल्या बाईचं खुरपणं कुळाच्या वाट्यात विरघळलं. मजुरीवर आलेल्या बाईला मिळालं ते मोसमात मिळालं, राशीशी तिचा संबंध नाही. काही मुलं तिच्यासाठी राशीतून वाटा काढू लागतात, मग तो कुणाच्या वाट्यातून यावर भांडतात. भांडू द्यावं. शिक्षकाने ‘योग्य वाटणी’ जाहीर करण्याची गरज नाही.

वतनाच्या जमिनीचा कागद आला तर वर्ग हाताळायचं कौशल्य खऱ्या अर्थाने लागतं. शिवारात नावं अजून टिकून आहेत: महारकी, हाडकी-हाडोळा, गुरवकी, इनामपट्टी. २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, शेतांची नावं लोकांच्या तोंडीच आहेत. महार वतन म्हणजे निरोप पोचवणं, साऱ्यासाठी लोकांना चावडीवर आणणं, पहारा, मेलेली जनावरं ओढणं, या सगळ्याच्या मोबदल्यात थोडी जमीन आणि बलुतं. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी वंशपरंपरेने बांधलेली होती. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतनं मोडून जमिनी रयतावा, म्हणजे चाकरीची अट नसलेल्या, करून दिल्या. मुंबई इलाख्यात आंबेडकरांनी १९२८ मध्ये वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कनिष्ठ गाव वतनं कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. जमिनी परत मिळाल्या त्या ‘नवीन व अविभाज्य शर्ती’वर, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. आजच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसतं त्यामागे असा इतिहास असू शकतो. अट जमीन हातात राहावी म्हणून होती. तरी पुष्कळ जमिनी कागदावर एकाच्या आणि वहिवाटीत दुसऱ्याच्या झाल्या, हे गावोगाव ठाऊक आहे. संरक्षणासाठी घातलेली अट कर्ज मिळवताना आड येते का, हा मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी चांगला विषय आहे.

या कागदाच्या वेळी वर्गातल्या काही मुलांकडे बाकीची वळून बघतात. ते टाळायचा उपाय आधीच करावा लागतो. कुणालाही ‘तुमच्या घरी काय होतं’ असं सगळ्यांसमोर विचारू नये. जुन्या कागदांतले जातीचे उल्लेख आजच्या कानाला टोचणारे असतात, ते गाळायचे नाहीत, पण आदल्या दिवशी वर्गात सांगून ठेवायचं की असे शब्द येणार आहेत आणि ते वाचण्यापुरतेच आहेत. भूमिका वाटायच्या असतील तर चिठ्ठ्या टाकाव्यात. अपमानाचा प्रसंग कधीच करून दाखवायचा नाही: लांब उभं राहणं, वरून पाणी ओतणं, जोहार घालणं. करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही आणि ज्याच्या घरात ती आठवण जिवंत आहे त्याला पुन्हा एकदा ते सोसावं लागतं. आणि एवढ्यावरच थांबलं तर ती मुलं आपल्या पूर्वजांना नुसतं सोसताना पाहतात. म्हणून त्याच तासाला चरी यावं. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत असं ठरवून पाळलं. उत्तरेला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, वारली आदिवासी १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. पोट हातावर असताना सहा-सात वर्षं शेत पडीक ठेवायचं तर घर कसं चाललं असेल, याचा हिशेब मुलांना करायला लावावा. लाकडं विकून, मजुरीला जाऊन, उपास काढून. संपाचा अर्थ त्या हिशेबात कळतो.

कुळकायद्याचा दिवस १ एप्रिल १९५७. त्या दिवसापासून कुळ मालक मानलं गेलं, पण आपोआप काही झालं नाही. कलम ३२ ग खाली किंमत ठरायची, हप्ते भरायचे, मग ३२ म चं प्रमाणपत्र. तारखेला हजर न राहिलेल्या किंवा पैसे न भरू शकलेल्या कुळाची खरेदी बुडायची. मालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असेल तर कुळाचा हक्क पुढे ढकलला जाई. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर या अभ्यासकांची कुळकायद्याची पाहणी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत कुळांनी स्वखुशीने जमीन सोडल्याच्या नोंदी पुष्कळ आढळल्या आणि त्या खुशीबद्दल त्यांनी शंका घेतली. तेव्हा ‘जमीनदार वाईट, कुळ चांगलं’ एवढ्यावर पाठ संपवू नये. दोन एकरांवर जगणारी विधवा मालकीण आणि दहा एकर कसणारं सधन कुळ हीही जोडी त्या कागदांत सापडते.

बहिणींचा भाग थोडक्यात: प्रत्येक दशकातला एकेक उतारा घेऊन बायकांची नावं मोजायची आणि भिंतीवर पट्ट्या लावायच्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना जन्मतः सहदायक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वाटेकरी, केलं. त्यानंतरच्या फेरफारांत बहिणींची नावं वारस म्हणून चढतात आणि पुढच्याच फेरफाराला हक्कसोडपत्राने उतरतात, असं बऱ्याच उताऱ्यांवर दिसतं. ते मुलांना दिसू द्यावं, त्यावर घरी भांडण लावू नये.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना ‘ही जमीन तुमच्याकडे कशी आली’ हा प्रश्न पहिला विचारला की पुढची सगळी उत्तरं सावध होतात. विहिरीवर पहिलं इंजिन कधी बसलं, बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर गेला होता, तिथे सुकडी मिळायची का, सालगडी पाडव्याला बदलायचे तेव्हा काय ठरायचं, असे प्रश्न विचारावेत. माणूस कामाबद्दल मोकळेपणी बोलतो आणि जमिनीचं त्यातून येतं. एकाच घटनेबद्दल मालकाच्या घरी आणि मजुराच्या घरी वेगळ्या दिवशी, वेगळ्या गटांनी विचारावं. आणि आजच्या हातांना वगळू नये: शेतात त्या दिवशी खुरपणाऱ्या बाया, शेजारच्या उसात आलेल्या टोळीतले कोयते (ऊस तोडणारी जोडपी), त्यांनी आगाऊ घेतलेली उचल, गाव सोडून आलेली त्यांची मुलं. मजुराला तासभर बोलायला थांबवलं तर त्याची निदान अर्ध्या दिवसाची मजुरी शाळेने द्यावी, तीही मुलांसमोर न देता. मुलांना ‘अनुभव म्हणून’ दहा मिनिटं खुरपायला लावण्यात फारसा अर्थ नाही, पिकाचं नुकसान होतं आणि बायांना हसू येतं.

पाचवीखालच्या मुलांना विहीर, साखळी आणि खळं पुरे. कागद सातवीपासून, वतन आणि कुळकायदा नववीपासून. सगळं एका दिवसात कोंबू नये. दोन भेटी, मध्ये पंधरा दिवस, त्या पंधरवड्यात कागद आणि मुलाखती.

मुलांनी केलेली वही शाळेत राहावी, आणि तिची एक प्रत शेतवाल्यांच्या घरी व एक त्या दिवशी बोललेल्या मजुराच्या घरी जावी. जिवंत माणसांची नावं, खाते क्रमांक, कर्जाच्या नोंदी ऑनलाइन टाकायच्या नाहीत, उतारा सार्वजनिक असला तरी. एखादं वाक्य खोटं आहे असं कुणी म्हणालं तर ते खोडू नये. त्याच्याखाली त्यांचं म्हणणं, तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला पहिलं काम म्हणून तेच पान द्यावं.